शस्त्र जपा, त्यामागचा हातही जपा



तळेघरच्या बाजूला हिरड्याच्या भावासाठी सभा घेत हिंडणाऱ्या माणसाने जुन्या धनुष्यांच्या आणि भाल्यांच्या संग्रहाविषयी बोलावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. मी या विषयातला पंडित नव्हे. मिळेल ते वाचून आणि पाहून शिकलेला माणूस आहे. पण चळवळीत एक सवय लागते. वस्तू समोर आली की ती घडविली कोणी, हे आधी विचारायचे.

प्रथम धनुष्य घ्या. मोगली आणि दख्खनी सैन्यांतली कमान नुसत्या लाकडाची नसे. मध्ये लाकूड, धनुर्धराकडच्या अंगाला शिंगाची पट्टी, बाहेरच्या अंगाला जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सारे सरसाने सांधलेले. शिंग दाब सोसते, तंतू ताण सोसतात. म्हणून आखूड कमानही बाण दूर फेकते. ती करणारा तो कमानगर, बाण करणारा तो तीरगर. दोरी उतरली की ही कमान उलट बाजूला वळते. हे ठाऊक नसलेला हौशी माणूस ती वळली आहे तशीच दोरी चढवू पाहतो आणि कमान तडकते. अशी तडकलेली एक कमान मी एका दिवाणखान्यात पाहिली आहे. कारागिराचे कष्ट एका क्षणात वाया!

अशा कमानीच्या सरसाला ओल सोसत नाही. आपल्या डोंगरांतला पाऊस तुम्ही जाणताच. तेथे बांबूचे साधे धनुष्यच सोयीचे. भिल्लांच्या धनुष्याला तर दोरीही बांबूच्या कामटीची असते. त्याला गावठी म्हणून नाक मुरडू नये. त्यातही पिढ्यांचे ज्ञान आहे.

आता भाला. बाजारात बहुधा नुसते पाते मिळते. काठी कुजलेली असते, नाहीतर नेण्याच्या सोयीसाठी कापलेली. काठी गेली की भाला स्वाराचा की पायदळाचा, हे सांगणे कठीण होते. मराठ्यांच्या विट्याला दोरी असे. फेकल्यावर तो तिने मागे ओढून घेता येई. दोरी हरवली की विटा ओळखायचा कसा?

पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर वस्तू जमविल्या आणि तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. तेथे शस्त्रांबरोबर दिवे आणि अडकित्तेही आहेत. सामान्य माणसाच्या हातातली वस्तूही इतिहास सांगते, हे तो संग्रह पाहून कळते.

म्हणून घरात जुने शस्त्र असेल तर एवढे करा. चिंच किंवा पॉलिशकागद लावू नका. पात्यावरची सोन्याची नक्षी त्याने निघून जाते. कोरड्या फडक्याने पुसा आणि लोखंडाला तेलाचा पातळ हात द्या. काठी, दोरी, भाता वेगळे करू नका. वस्तू कोणत्या गावची, कोणाच्या घरची, हे वहीत लिहून ठेवा. शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. खासगी माणसाला ती परदेशी पाठविता येत नाही.

आणि दारात आलेला व्यापारी नोटा मोजू लागला, तर एकदा पणजोबांना आठवा. पाते विकले की पैसे मिळतील. पण त्याची हकीकत कोणी लिहिली नसेल, तर ती पुन्हा कोठल्याही बाजारात मिळणार नाही.