अल्गोरिदम पाठ करावा की चालून पाहावा?

आपल्या शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन विज्ञान शाखेकडे गेलेली काही मुले बारावीला संगणकशास्त्र हा द्विलक्षी विषय घेतात. दोन पेपर, प्रात्यक्षिकांसह २०० गुण. त्यासाठी दुसरी भाषा, बहुधा मराठीच, सोडावी लागते याची खंत वाटते. पण तो विषय वेगळा. "घरी संगणक नाही, मग हा विषय आपल्याला कसा जमेल?" असे पालक विचारतात. मुलेही त्याच धास्तीने अल्गोरिदम कवितेसारखे पाठ करतात. या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारी, वेरूळला आहे.

अल्गोरिदम म्हणजे ठरावीक क्रमाने करावयाच्या आणि कधीतरी निश्चित संपणाऱ्या कृतींची मालिका. हा शब्द नवव्या शतकातील बगदादचे गणिती अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला. भारतीय अंकांनी हिशेब करण्याच्या रीतीवर त्यांनी ग्रंथ लिहिला होता.

परीक्षेत हमखास येणारा बायनरी सर्च घेऊ. वेरूळच्या ३४ लेण्यांना दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रमांक दिलेले आहेत. दहावे लेणे, म्हणजे आपले विश्वकर्मा चैत्यगृह, शोधायचे आहे. पाटी मात्र जवळ गेल्यावरच वाचता येते असे समजा. एकेक पाहत जाणे हा लिनिअर सर्च. बायनरी सर्चमध्ये आरंभ १ आणि शेवट ३४ यांचा मध्य, १७, आधी पाहायचा. दहा त्याहून लहान, म्हणून शेवट १६ झाला. नवा मध्य ८. दहा मोठा, आरंभ ९. मग मध्य १२, शेवट ११. आणि पुढचा मध्य १०. चार पाट्यांत काम झाले. कोणतेही लेणे जास्तीत जास्त सहा पाट्यांत सापडते. हजार नोंदी असल्या तरी दहाच तुलना पुरतात. अट एकच, यादी क्रमाने लावलेली हवी.

आता पाठांतराचा धोका पाहा. पुढे सरकताना आरंभ "मध्य अधिक एक" करायचा असतो. उत्तरपत्रिकेत तो "एक" राहून जातो. मग ३४वे लेणे शोधणारा १७, २५, २९, ३१, ३२, ३३ असा जातो आणि जगन्नाथ सभेतच अडकतो, कारण ३३ आणि ३४ यांचा मध्य, अपूर्णांक सोडल्यावर, पुन्हा ३३च येतो. पाठ करणाऱ्याला ही चूक दिसत नाही. हाताने चालून पाहणाऱ्याला लगेच दिसते.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतात एवढ्यावरून काही मानू नका. ग्रंथातले खरोखरच चुकू शकते. जावा या भाषेतील बायनरी सर्चमध्ये आरंभ व शेवट यांची बेरीज प्रचंड झाली की उत्तर बिघडत असे. हा दोष अनेक वर्षे कुणाच्या लक्षात आला नाही; तो लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली तो जाहीर केला.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे की वहीत आरंभ, मध्य, शेवट असे तीन रकाने आखून द्या आणि मुलाला प्रत्येक पायरीचे आकडे भरायला सांगा. यादीत नसलेली संख्याही शोधायला लावा. आरंभ शेवटाच्या पुढे गेला की थांबायचे, हे त्याला तेथेच कळते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत संगणकापुढे बसण्याची पाळी त्यानंतरची.