ढोकीच्या माणसाचा गारठ्यातला दिवस

पहाटे 4. रत्नागिरीच्या मिरकरवाडा धक्क्याला बोटी लागायला लागल्यात. मी ढोकीचा, तेरणा साखर कारखान्याच्या गावचा. आमच्याकडे मासा म्हणजे धरणातला रोहू नाहीतर कटला. इथे मासळी गोठवायच्या कामाला लागलो तेव्हा पहिली गोष्ट कळली ती बर्फाची. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या, तो जाणता असला की जाळं वर येताच मासळीत चुरा भरतो; जेवढी मासळी, जवळपास तेवढाच बर्फ.

5.30. लिलाव. कल्ले लालभडक हवेत, डोळा फुगीर, अंगठ्याने दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं. बांगडा मी सगळ्यात बारकाईने बघतो. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामाइन तयार होतं. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात. ते शिजवून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. म्हणून शंका आली की माल सोडायचा, भाव कितीही उतरलेला असो.

7. माल उतरला की थर्मामीटरची सुई माशाच्या आत खुपसायची. पारा 4 अंशांच्या वर दिसला तर ते क्रेट बाजूला. मग धुणं, निवड, आकार लावणं. बायका तासन्‌तास बर्फाच्या पाण्यात हात घालून माकुळ साफ करतात, बोटं बधिर होतात. त्यांना मधून मधून गरम पाणी आणि विसावा मिळालाच पाहिजे. तो कुणी उपकार म्हणून द्यायचा नाही.

11. ट्रे ब्लास्ट फ्रीझरमध्ये, उणे 40 अंशांच्या आसपास. इतकी घाई कशाला? माशातलं बहुतेक पाणी उणे 1 ते उणे 5 अंशांदरम्यान गोठतं. तिथे मासा रेंगाळला की बर्फाचे खडे मोठे होतात, पेशी फाटतात, आणि तो वितळला की पाणी गळून मांस कापसासारखं लागतं. घरच्या फ्रीझरमध्ये नेमकं हेच होतं.

संध्याकाळी, गाभा उणे 18 झाला की ग्लेझिंग. गोठलेला मासा बर्फगार पाण्यात बुडवून काढला की अंगावर पातळ बर्फ धरतो. हवा लागत नाही, मासा सुकत नाही, चरबी खवट होत नाही. मग शीतगृह, तेही उणे 18 किंवा त्याखाली. जुना माल पुढे, नवा मागे. दार उघडं टाकणाऱ्यावर मी ओरडतो. पारा वरखाली झाला की आतले खडे पुन्हा वाढतात.

7.30. रीफर, म्हणजे आत गारठा राखणारी गाडी, भरून निघते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा शीतगृहातला हा साठाच कामी येतो.

गावाकडच्यांना सांगणं एवढंच: पाकिटात बर्फाचा भुगा साचलेला दिसला तर तो मासा बहुधा मधे कुठेतरी वितळलेला असतो, घेऊ नका. चांगला मिळाला तर रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, सकाळी करा, आणि वितळलेला परत गोठवू नका.