सोळा पायऱ्यांचे बेट

मॉरिशस म्हटले की निळे पाणी आणि पांढरी वाळू डोळ्यांपुढे येते. मीही तेच मनात धरून गेलो होतो. सहलीच्या कार्यक्रमात पोर्ट लुई बंदरातल्या आप्रवासी घाटासाठी जेमतेम अर्धा तास ठेवलेला होता. परतल्यावर मात्र सर्वांत जास्त आठवतात त्या तिथल्या सोळा दगडी पायऱ्या.

या बेटावर मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. 1598 मध्ये डच आले, त्यांनी आपल्या मॉरिस राजपुत्राचे नाव बेटाला दिले. त्यांच्याच काळात डोडो पक्षी नामशेष होण्याच्या वाटेला लागला. 1710 मध्ये डच गेले, 1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. राज्यकर्ते बदलले, पण ऊस वाढतच गेला. तो पिकवायला आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले जात. पळालेले गुलाम नैर्ऋत्येकडच्या ल मोर्न डोंगराच्या कड्याकपारीत लपत.

1835 मध्ये गुलामगिरी बंद झाली. मग मळ्यांत राबणार कोण? त्याची तजवीज आधीच सुरू झाली होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कोलकात्याहून 36 मजूर उतरले. पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय करारावर तिथे आले. बहुतेक बिहारकडचे, तमिळ, तेलुगू मुलखांतलेही. मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसेही त्यांत होती. गलबतातून उतरून ती याच पायऱ्या चढली. त्यांतली कितीतरी पुन्हा कधी गावी परतली नाहीत.

आज त्यांच्या वंशजांच्या घरात क्रिओल बोलली जाते. आपण मराठीत विचारावे आणि समोरच्याने हसून फ्रेंच वळणाच्या भाषेत उत्तर द्यावे, असे होते. पण गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते! 1968 मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाने 1 फेब्रुवारी आणि 2 नोव्हेंबर, म्हणजे गुलामांच्या मुक्तीचा आणि मजुरांच्या आगमनाचा, असे दोन्ही दिवस सुट्टीचे ठेवले आहेत. आप्रवासी घाट 2006 मध्ये आणि ल मोर्न 2008 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

साखरेच्या जोडीला देशाने पुढे पर्यटन उभे केले. त्याचा सारा डोलारा प्रवाळावर आहे. बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्यावर लाटा फुटतात, म्हणून आत पाणी संथ राहते. किनाऱ्याची पांढरी वाळूही मुख्यतः प्रवाळाचीच. जुलै 2020 मध्ये ‘वाकाशिओ’ हे जहाज याच कड्यावर आदळले आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा गावोगावच्या लोकांनी कापडात उसाचे पाचट भरून लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. ज्या उसासाठी पूर्वजांना आणले, त्याच उसाचे पाचट समुद्र वाचवायला कामी आले.

म्हणून एवढेच सांगतो. मॉरिशसला गेलात तर पहिली सकाळ त्या घाटासाठी राखून ठेवा. पायऱ्या मोजायला मिनिटभरही लागत नाही. त्यानंतर समुद्र जरूर पाहा. तो तितकाच निळा असेल, पण आपण त्याच्याकडे नुसते पाहुणे म्हणून पाहणार नाही.