ओलें सरपण

आईच्या डोळ्यांस धुरानें पाणी येऊं लागलें कीं आपण चुलीस दोष देतों. दोष बहुधा लांकडाचा असतो. नुकत्याच तोडलेल्या लांकडाच्या वजनांत निम्म्याच्या आसपास पाणीच असूं शकतें. तें आटविण्यांत उष्णता खर्ची पडते, ज्वाला मंदावते आणि अर्धवट जळलेलें द्रव्य धूर होऊन घरांत कोंडतें. हा धूर डोळ्यांपुरताच थांबत नाहीं, फुप्फुसांतही उतरतो. पाणी शेंकडा २० च्या आंत आलें, म्हणजे लांकूड जाळण्याजोगें झालें.

लांकडांतील पाणी उभ्या तंतूंच्या वाटेनें टोंकांकडून लवकर निघतें. साल मात्र तें अडवून धरते. म्हणून बाभळीचा ओंडका हिंवाळ्यांतच फोडावा. टोंकास पडलेली चीर शोधून तींत पाचर ठोकावी. गांठीवर कुऱ्हाड चालवून बळ दवडूं नये. (मुलांना नेमकी गांठच सांपडते!) ढलप्या दगडांवर, मधून वारा खेळेल अशा रचाव्या व पावसाळ्यापूर्वीं पडवींत आणाव्या.

दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहाव्या. वाळलेल्या खणखणतात, ओल्या बद्द वाजतात. माझ्या आईस आपटावेंही लागत नसे. ढलपी उचलतांच वजनावरून ती सांगे, आणि ओली असली तर मुकाट्यानें परत उन्हांत ठेवी.