चौकटीतील ओळी

संगणकावर अर्ज भरण्याचा प्रसंग आता आपल्यापैकी बहुतेकांवर येऊन गेला आहे. पडद्यावर ‘नाव’ या शब्दापुढे एक लांबट चौकट असते, ‘गाव’ या शब्दापुढे दुसरी असते, आणि अगदी शेवटी ‘इतर माहिती’ असे लिहून त्याखाली जरा उंच अशी तिसरी. प्रोग्रॅम लिहिणारे लोक हिला टेक्स्ट बॉक्स म्हणतात. आपण चौकटच म्हणू. आता गंमत पाहा. तिसऱ्या चौकटीत एंटरची कळ दाबली तर आपण मुकाट्याने खालच्या ओळीवर येतो. तीच कळ पहिल्या चौकटीत दाबली तर एक तर काहीच होत नाही, नाही तर अर्धा भरलेला अर्ज आपल्याला न विचारता पुढे निघून जातो. कळ एकच, बोट एकच, मग हा पंक्तिप्रपंच कशासाठी ?

विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तो पुष्कळ वर्षे तसाच वाटत होता. तो तसा नाही हे मला आहुप्याला कळले, आणि तेही माझ्याच चुकीमुळे.

आहुपे हे आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाचे गाव. घोडेगाव सोडल्यावर डिंभे धरणाचे पाणी लागते, रस्ता डोंगरात शिरतो, आणि जेथे सह्याद्री एकाएकी तुटतो तेथे हे गाव बसले आहे. कड्यावर उभे राहिले की खाली मुरबाडकडचे कोकण दिसते. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. गावाला देवराई आहे. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही हा जुना दंडक. अशा देवरायांविषयी माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७० नंतरच्या दशकात लिहिले, आणि खेड्यातल्या माणसाला रानाचे जे ज्ञान असते त्याची शास्त्राने दखल घ्यावी हा विचार हळूहळू रुजत गेला. २००२ साली जैवविविधतेचा कायदा झाला. त्याला धरून २००४ साली जे नियम झाले त्यांनी ‘लोकजैवविविधता नोंदवही’ तयार करण्याचे काम स्थानिक समित्यांवर सोपविले. कोणती झाडे, कोणते वेल, कशाचा काय उपयोग, पूर्वी काय होते आणि आता काय उरले, हे सारे गावाच्या तोंडून लिहून घ्यावयाचे.

त्या धर्तीवर मुलांनी म्हाताऱ्या माणसांशी बोलावे आणि ऐकलेले संगणकात लिहावे, म्हणून मी एक लहानसा प्रोग्रॅम करून नेला होता. झाडाचे नाव, ठिकाण, सांगणाऱ्याचे वय आणि शेवटी ‘माहिती’, अशा चार चौकटी. प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनात चौकट ओढून पडद्यावर ठेवली की ती आपोआप एका ओळीची येते. अनेक ओळींची हवी असेल तर तिच्या गुणधर्मांच्या यादीत जाऊन तसे मुद्दाम सांगावे लागते. मी ते सांगितले नाही. आळस, दुसरे काय ?

संध्याकाळी एक बाबा हिरड्याविषयी बोलले. हिरडा हे तिकडचे रोकड देणारे झाड; त्याची कोवळी फळे वाळवली की त्यांना बाळहिरडा म्हणतात आणि तो व्यापारी घेऊन जातात. बाबा बोलत होते, मुलगा लिहीत होता, आणि चौकटीतली अक्षरे डावीकडे सरकत सरकत दिसेनाशी होत होती. दुसऱ्या दिवशी बाबांनी वाचून दाखवायला सांगितले. मुलाने नोंद उघडली. चौकटीत सुरुवातीचे चार शब्द दिसले. ‘‘पोरा, माझं निम्मं बोलणं कुठं गेलं ?’’ बाबांनी विचारले. बोलणे गेले नव्हते, संगणकाच्या पोटात ते पुरे होते. पण जे दिसत नाही ते वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते दुरुस्तही करता येत नाही.

याहून वाईट गोष्ट तिसऱ्या दिवशी ध्यानात आली. मुलांनी आपणहून थोडके लिहायला सुरुवात केली होती. ‘हिरडा – औषधी.’ ‘बेहडा – औषधी.’ ‘जांभूळ – फळे खातात.’ कोणी त्यांना थोडक्यात लिहा म्हटले नव्हते. चौकटीने म्हटले होते ! एवढीशी जागा दिली म्हणजे एवढेच सांगावयाचे आहे, असा तिचा अर्थ मुलांनी घेतला, आणि तो अगदी बरोबर होता.

आता मुळात जाऊ. ओळ म्हणजे काय ?

आपल्याकडील जुनी हस्तलिखित पोथी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन समजेल. पोथीचे पान आडवे, लांब. लेखक समासापर्यंत लिहीत जातो, समास आला की खाली उतरतो. ओवी तेथे संपलेली असतेच असे नाही; बहुधा ती मध्येच कोठेतरी, दुहेरी दंड आणि आकडा घालून संपते. म्हणजे पोथीत दोन प्रकारचे तुटणे आहे. एक पानाचे: ते पानाच्या रुंदीवर अवलंबून असते, आणि दुसऱ्या रुंदीच्या पानावर नक्कल केली तर बदलते. दुसरे कवीचे: ते दंडाने दाखविलेले असते, आणि कोणत्याही नकलेत जेथल्या तेथेच राहिले पाहिजे. नक्कलकाराने पानाची ओळ बदलली तर कोणाचे काही बिघडत नाही. दंड गाळला तर मात्र ओवीत ओवी मिसळते.

संगणकात नेमके हेच आहे. चौकटीची कड आली म्हणून शब्द खालच्या ओळीवर उतरतो, ते पानाचे तुटणे. त्याची कोठेही नोंद होत नाही. चौकट रुंद केली की शब्द पुन्हा वर जातो. एंटर दाबून आपण जी ओळ तोडतो ती लेखकाची. तिच्यासाठी मजकुरात एक खूण खरोखरीच साठविली जाते, डोळ्यांना न दिसणारी, पण ‘क’ किंवा ‘ख’ इतकीच खरी.

या खुणेची कथा टाइपरायटरपासून सुरू होते. टाइपरायटरवर बसलेल्यांना आठवत असेल की ओळ संपत आली की घंटी वाजे. मग टंकलेखकाने ठरवायचे, पुढचा शब्द या ओळीत मावेल की नाही. नंतर डाव्या हाताने दांडा ढकलायचा. त्या एका हिसक्यात दोन कामे होत: गाडा ओळीच्या आरंभाशी परत येई आणि रूळ फिरून कागद एक ओळ वर सरके. पुढे तारखात्यांतून आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून टेलिप्रिंटर आले. त्यांत ही दोन कामे वेगळी करून दोन संकेत ठेवण्यात आले, एक गाडा परत आणण्याचा आणि एक कागद सरकविण्याचा. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना आकडे देण्याची जी पद्धत ठरली, तिच्यात पहिल्या संकेताला १३ आणि दुसऱ्याला १० हे आकडे मिळाले. त्याच काळातले एक टेलिप्रिंटर यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. गाड्याला परत येण्यास जवळजवळ दोन अक्षरांचा वेळ लागत असे. म्हणून आधी १३ पाठवायचा, मग १०, तोवर गाडा जागेवर आलेला असे.

यंत्रे भंगारात गेली, आपली तारसेवाही २०१३ साली बंद झाली, पण हे दोन आकडे गेले नाहीत. विंडोजवाल्यांनी ओळ तोडण्यासाठी १३ आणि १० अशी जोडी ठेवली. युनिक्स पंथाच्या लोकांनी नुसता १० ठेवला. मॅकिन्टॉशने प्रथम नुसता १३ ठेवला, आणि पुढे तोही १० कडे वळला. तिघांत एकवाक्यता नसल्यामुळे एकाकडे नीट दिसणारा मजकूर दुसऱ्याकडे सलग एका ओळीत दिसे. विंडोजचे साधे नोटपॅड नुसत्या १० ला ओळ मानीत नसे. ते त्याने २०१८ साली शिकून घेतले. पंचावन्न वर्षे लागली म्हणायची !

आता आरंभीच्या कोड्याकडे येऊ. एका ओळीची चौकट ही १३ आणि १० यांना दारातच अडविते. तिला वाटते, नावात ओळी कशाला हव्यात ? आणि ते खरेही आहे. म्हणून तेथे एंटरला दुसरे काम दिलेले असते: ‘झाले, पुढे चला.’ अनेक ओळींची चौकट मात्र ही खूण आत घेते, साठविते आणि दाखविते. मोबाइलवर निरोप लिहिताना कोठे एंटरने ओळ बदलते तर कोठे निरोपच निघून जातो, तोही याच भानगडीचा भाग. संगणकावर पुष्कळ ठिकाणी शिफ्टची कळ धरून एंटर दाबले की ओळ बदलते, आणि एक्सेलच्या घरात ऑल्ट धरून. एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ मनस्ताप वाचतो.

खरा घात होतो तो दुसरीकडचा मजकूर आणून एका ओळीच्या चौकटीत चिकटविताना. विंडोजच्या साध्या चौकटीत पहिली ओळ आत येते आणि बाकीच्या दाराबाहेर राहतात, तक्रार न करता. ब्राउझरमधील चौकट बहुधा सर्व ओळी घेते, पण मधल्या खुणा काढून टाकते, आणि त्यांच्या जागी फार तर साधी मोकळी जागा ठेवते. मग ‘हिरडा’च्या खाली लिहिलेला ‘बेहडा’ त्याच्याच ओळीत येऊन ‘हिरडा बेहडा’ नावाचे एक नवेच झाड देवराईत उगवते.

चौकट अनेक ओळींची केली म्हणजे सगळे संपले असेही नाही. मराठीचा स्वतःचा एक प्रश्न आहे. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या ओळीत आपली अक्षरे अवघडून बसतात, कारण आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार असतो आणि खाली उकार लोंबतो. ‘आहुपे’ हेच नाव घ्या: ‘हु’ला खाली उकार, ‘पे’ला वर मात्रा. हे नाव दोन ओळींत एकाखाली एक लिहिले आणि ओळींतले अंतर कमी पडले, की वरचा उकार खालच्या ओळीला टेकू लागतो. चौकटीची उंची ठरविताना इंग्रजी शब्द घालून पाहण्याची पुष्कळांना सवय असते. मराठी शब्द घातला म्हणजे मग खरे कळते.

मापाचाही घोटाळा आहे. ‘आहुपे’त आपल्याला तीन अक्षरे दिसतात. संगणकाला पाच चिन्हे दिसतात: आ, ह, उकार, प आणि मात्रा. ती नेहमीच्या पद्धतीने साठविताना प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण पंधरा बाइट लागतात. इंग्रजी पाच अक्षरांना पाचच पुरतात. आता एखाद्या प्रोग्रॅमने ‘माहिती’ला २५५ बाइटांची मर्यादा घातली असेल, तर इंग्रजीत लिहिणाऱ्याला २५५ अक्षरे मिळतात आणि मराठीत लिहिणाऱ्याला ८५ चिन्हे, शब्दांमधल्या मोकळ्या जागा सोडल्या तर. हा अन्याय कोणी हेतूने केलेला नसतो. पण ज्याचे वाक्य ‘बाळहिर’पाशी तुटते त्याला हेतूशी काय करायचे ?

आहुप्याला मी ‘माहिती’ची चौकट त्याच रात्री बदलली. अनेक ओळींचा गुणधर्म लावला, शब्द कडेला आपोआप खाली उतरतील असे केले, उजवीकडे वर-खाली सरकविण्याची पट्टी दिली, आणि उंची वाढवून बारा ओळींची ठेवली. उंची वाढविणे तंत्रदृष्ट्या मुळीच आवश्यक नव्हते. पट्टी असल्यावर दोन ओळींच्या चौकटीतही पाहिजे तेवढे मावते. पण दोन ओळींच्या चौकटीने मुले दोनच ओळी लिहितात, हे एव्हाना मला समजले होते.

यातूनही एक चूक राहिली. नोंदी एक्सेलमध्ये नेण्यासाठी मी त्या साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढल्या, आणि त्या रूपात ओळ संपणे म्हणजे नोंद संपणे असा नियम असतो. मुलांनी एंटर दाबून परिच्छेद पाडले होते. त्यामुळे एका हिरड्याच्या नोंदीच्या तीन नोंदी झाल्या, पैकी दोघींना नावच नाही. बहुओळी मजकूर अवतरणचिन्हांत बंद करून पाठविला म्हणजे हे टळते. पोथीच्या पानाचे आणि कवीचे तुटणे वेगळे ठेवण्याचाच हा प्रकार. मी श्रोत्यांना ओळीचे तत्त्वज्ञान सांगतो आहे खरा, पण तेथे ते मलाही आठवले नव्हते.

नव्या चौकटीत हिरड्याची नोंद पुन्हा लिहिली गेली, ती अकरा ओळींची झाली. मुलाने ती बाबांना पहिल्यापासून वाचून दाखविली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. सातव्या ओळीपाशी त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, ‘‘थांब पोरा, हे मी आसं न्हाई सांगितलं.’’ मुलाने कर्सर त्या ओळीवर नेला.