पहिली युरोपवारी : सात दिवसांची इटली कशी आखावी?

नवी दिल्ली : युरोपची पहिली सहल ठरवताना बहुतेक घरांत आधी नकाशा उघडला जातो. पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम आणि व्हेनिस ही सारी नावे त्यावर इतकी जवळजवळ दिसतात की, आठवडाभरात सगळेच पाहून होईल असे वाटू लागते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. शनिवारी पोहोचून पुढच्या शनिवारी परतायचे म्हटले, तर हाती सात रात्री आणि सहा पूर्ण दिवस उरतात. मुक्काम हलवण्यात प्रत्येक वेळी किमान अर्धा दिवस जातो. सामान आवरणे, स्थानक गाठणे, प्रवास, नवे हॉटेल शोधणे आणि खोली मिळेपर्यंत थांबणे यांतच तो संपतो. दोनदा मुक्काम हलवला की प्रत्यक्ष पाहण्यासाठी पाच दिवस राहतात. दुसरा देश जोडला, तर तेही उरत नाहीत. म्हणून पहिल्या खेपेला एकच देश निवडणे शहाणपणाचे. येथे उदाहरणादाखल इटलीचा विचार केला आहे.

रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन शहरे एकाच रेल्वेमार्गावर आहेत. वेगवान गाडीने रोम ते फ्लॉरेन्स सुमारे दीड तास, तर फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. रोमला उतरून व्हेनिसहून परतणारे विमानाचे तिकीट घेतल्यास पुन्हा रोमला येण्याचा एक दिवस वाचतो. अशा तिकिटाला प्रवास कंपन्या ‘मल्टी-सिटी’ म्हणतात. ते साध्या जा-ये तिकिटापेक्षा फारसे महाग पडतेच असे नाही; पण स्वतःहून कोणी सुचवत नाही, विचारावे लागते.

आता वारांचा प्रश्न. कोणते स्थळ कोणत्या वारी बंद असते, यावर इटलीतील कार्यक्रम ठरतो आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांची फसगत बहुधा येथेच होते. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात. अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा. त्या दिवशी प्रवेश विनामूल्य असतो, पण दुपारी दोनलाच दारे बंद होतात आणि गर्दी अफाट असते. फ्लॉरेन्समधील उफिझी आणि अकॅडेमिया ही दोन्ही कलादालने सोमवारी बंद असतात. बुधवारी सकाळी व्हॅटिकनमध्ये पोपची सार्वजनिक भेट असते, त्यामुळे सेंट पीटर्स चौकात पर्यटकांची अडचण होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये आणि पुरातन स्थळे विनामूल्य असतात. पैसे वाचतात, पण रांगेत अर्धा दिवस जाऊ शकतो. हे सारे जमेस धरले, तर शनिवारी रोमला पोहोचणे सोयीचे ठरते. रविवारी कोलोसियम, रोमन फोरम आणि पॅलेटाइन टेकडी, सोमवारी व्हॅटिकन, मंगळवारी सकाळी फ्लॉरेन्सकडे प्रस्थान आणि दुपारी अकॅडेमियातील मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’, बुधवारी उफिझी, गुरुवारी व्हेनिस आणि शुक्रवारचा पूर्ण दिवस तेथेच. तो रविवार महिन्यातील पहिला असू नये, एवढे पाहिले म्हणजे झाले.

कोलोसियमची तिकिटे आता नावानिशी दिली जातात. प्रवेशद्वारावर तिकिटावरील नाव आणि ओळखपत्र ताडून पाहिले जाते, म्हणून मित्राच्या नावाने काढलेले जादा तिकीट कामी येत नाही. अधिकृत विक्री भेटीच्या सुमारे महिनाभर आधी खुली होते आणि सोयीच्या वेळा लवकर संपतात. व्हॅटिकनची संग्रहालये, उफिझी आणि अकॅडेमिया यांचीही वेळ आधी राखून ठेवावी. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरील ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर चढायचे असेल, तर त्यासाठीही आरक्षण लागते. ४६३ पायऱ्या आहेत आणि उद्वाहन नाही. ज्येष्ठांना बरोबर नेणाऱ्यांनी हा मोह टाळलेला बरा.

या साऱ्याच्या आधी येतो तो व्हिसा. इटली शेंगेन क्षेत्रातील २९ देशांपैकी एक आहे. अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत कमाल ९० दिवस या क्षेत्रात राहता येते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, तर ६ ते १२ वर्षे वयाच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क त्याहून वेगळे. अर्ज नाकारला गेला तरी हे शुल्क परत मिळत नाही. चार जणांच्या कुटुंबासाठी ही रक्कम किरकोळ नव्हे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करणे बंधनकारक आहे. निर्णय साधारणतः १५ दिवसांत होतो, मात्र तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. उन्हाळ्याच्या हंगामात अर्ज केंद्रात भेटीची वेळ मिळणे हेच मोठे काम होऊन बसते. मे महिन्याच्या मध्यास निघायचे असेल, तर फेब्रुवारीत अर्ज दाखल झालेला असावा. म्हणजे कोलोसियमची तिकिटे खुली होण्याच्या सुमारास व्हिसा हाती असण्याची शक्यता वाढते.

व्हिसाच्या कागदपत्रांत पैशांइतकेच महत्त्व सुसंगतीला असते. विमानाचे आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा आणि दिवसवार कार्यक्रम एकमेकांशी जुळले पाहिजेत. एखादी रात्र जरी मोकळी राहिली, तरी प्रश्न उभा राहतो. व्हिसा मिळण्यापूर्वी परतावा न मिळणारे तिकीट घेऊ नये. रद्द करता येणारे आरक्षण पुरेसे असते. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, शेंगेन क्षेत्रातून परतल्यानंतरही किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. वैद्यकीय खर्चासाठी किमान ३०,००० युरो संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. बँकेतील शिल्लक नियमित उत्पन्नाशी मेळ खाणारी असावी. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम जमा झालेली दिसली, तर शंका दूर होण्याऐवजी वाढते. आईवडिलांचा खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असेल, तर तसे पत्र आणि नात्याचा पुरावा जोडावा.

मराठी कुटुंबांत एक अडचण वारंवार येते, ती नावाची. पासपोर्टवर माहेरचे आडनाव, बँकेत सासरचे. पॅन कार्डावर पतीचे नाव मधले, तर दुसऱ्या कागदावर वडिलांचे. विमानाचे तिकीट, विमा आणि कोलोसियमचे तिकीट यांवर पासपोर्टवरील नावच अक्षरशः तसेच असावे आणि अन्य कागदांतील फरकासाठी विवाह प्रमाणपत्र जोडावे. एकाच प्रवासात दोन देश पाहायचे असतील, तर जेथे अधिक दिवस मुक्काम तेथील अर्ज करावा लागतो. दिवस समान असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाचा. एप्रिल २०२४ पासून भारतीय अर्जदारांसाठी एक सवलतही लागू आहे. तीन वर्षांत दोन व्हिसांचा नियमानुसार वापर केलेल्यांना दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. पहिली सहल नीट पार पाडण्याचा हा आणखी एक लाभ.

काळ निवडताना एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उत्तम. ऑगस्टमध्ये उकाडा तीव्र असतो आणि १५ ऑगस्टच्या फेरागोस्तो सणाच्या आसपास अनेक दुकाने व खाणावळी बंद राहतात. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी कमी असते, पण दिवस लहान होतो आणि व्हेनिसमध्ये भरतीचे पाणी रस्त्यांवर येण्याचा हंगामही तोच.

व्हेनिसमध्ये मोटार नाही, रिक्षा नाही. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच समोर कालवा असतो आणि सामान पुलांच्या पायऱ्यांवरून उचलून न्यावे लागते. त्यामुळे हॉटेल निवडताना खोलीपेक्षा नकाशा अधिक बारकाईने पाहावा. जलबसच्या थांब्याजवळचे, मध्ये पूल नसलेले ठिकाण ज्येष्ठांसाठी सोयीचे. मुख्य भूमीवरील मेस्त्रेमध्ये राहणे स्वस्त पडते आणि गाडीने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस गाठता येते. तरीही दोन रात्रींसाठी थोडे अधिक पैसे मोजून बेटावरच राहावे, असे सुचवावेसे वाटते. एका दिवसासाठी आलेले लोक संध्याकाळी परतले की हे शहर निराळेच भासते. याच एकदिवसीय गर्दीला आवर घालण्यासाठी एप्रिल २०२४ पासून काही ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क आकारले जाऊ लागले. मुक्कामी पाहुण्यांना ते माफ आहे, मात्र अशा दिवशी सवलतीची नोंद पालिकेच्या संकेतस्थळावर आधी करावी लागते.

शाकाहारी प्रवाशांची इटलीत उपासमार होत नाही. पिझ्झा मारिनारात टोमॅटो, लसूण आणि ओरेगॅनो एवढेच असते, चीजही नसते. फ्लॉरेन्सची रिबोलिता म्हणजे शिळा पाव, शेंगदाणे आणि पालेभाज्यांचे दाट सार. येथे शेंगदाणे म्हणजे आपले भुईमुगाचे नव्हेत, तर राजम्यासारखे पांढरे दाणे. पार्मेजान चीज मात्र वासराच्या जठरातील द्रव्य वापरून तयार होते, हे कडक शाकाहारींनी लक्षात ठेवावे. दुपारी तीननंतर अनेक स्वयंपाकघरे बंद होतात आणि संध्याकाळी सातच्या सुमारास उघडतात. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी रक्कम दिसली तर ती बसण्याची व पावाची आकारणी असते. रोममध्ये पिण्याच्या पाण्याचे नळ रस्तोरस्ती आहेत, बाटली बरोबर ठेवावी. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. साडी किंवा सलवार-कमीज नेसणाऱ्यांना याची चिंताच नको.

भारतीय बँकांची कार्डे परदेशी वापरासाठी आपण सुरू केल्याशिवाय तेथे चालत नाहीत. निघण्यापूर्वी ती सुरू करून घ्यावीत. तेथील यंत्राने रुपयांत की युरोत पैसे द्यायचे, असे विचारल्यास युरो निवडावे. रुपयांचा दर सहसा महाग लावलेला असतो.

फ्लॉरेन्समध्ये बुधवारची दुपार मोकळी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडचा दौरा आटोपून परतत असताना याच शहरात, ३० नोव्हेंबर रोजी निधन पावले. वय अवघे वीस. अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाले. तेथे १८७४ मध्ये छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारण्यात आला. कासिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला तो आजही आहे आणि जवळच्या पुलाला तेथील लोक ‘भारतीयाचा पूल’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. महाराजांची युरोप प्रवासाची रोजनिशी १८७२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली होती. उद्यान तीन किलोमीटरहून लांब असल्याने पायी जाऊन येण्यास दोन तास सहज लागतात. पर्यटकांच्या बस तेथे थांबत नाहीत.