चौथ्या सीटचं विज्ञान

मुंबईच्या लोकलमधला बाक तिघांसाठी बनवलेला असतो आणि त्यावर चौघं बसतात. चौथ्याच्या वाट्याला येते ती जेमतेम एक मांडी टेकण्याएवढी जागा. उरलेला देह पॅसेजमध्ये आणि सगळा तोल एका पायावर. रेल्वेच्या कुठल्याही नियमात ही सीट नाही. तरी 'जरा सरकून घ्या' म्हटलं की तिघं सरकतात. अनोळखी माणसासाठी एखाद-दोन इंच. ग्रुपमधल्या माणसासाठी मात्र आधीच रुमाल टाकून ठेवलेला असतो, आणि अर्धा प्रवास झाला की बसलेल्यानं उठून उभ्याला जागा द्यायची, हेही न सांगता ठरलेलं असतं.

कल्याणहून व्हीटीला मी सोळा वर्षं ये-जा केली. आमच्या ग्रुपमध्ये माझ्यासह बारा जण होते. त्यातले आज दोघं माझ्या संपर्कात आहेत. कुणाशीही भांडण झालेलं नाही, पैशांचा घोळ नाही, राजकारणावरून वाद झाले ते कुर्ल्याच्या आत मिटले. मग उरलेले नऊ जण गेले कुठे?

मैत्री का होते, याचं शास्त्र आधी पाहू. ती का संपते याचं उत्तर त्यातच दडलंय.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला आलेल्या विवाहित माजी सैनिकांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत उभी राहिली. कुणाला कुठलं घर मिळणार, हे रिकाम्या जागेवर ठरायचं. शेजारी निवडायची सोय नव्हती. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी तिथल्या रहिवाशांना विचारलं, तुमची जास्त ऊठबस कुणाकडे? १९५० साली त्याचं पुस्तक आलं. लगतच्या दारातल्या शेजाऱ्याचं नाव घेतलं जाण्याचं प्रमाण ४१ टक्के होतं. मध्ये एक दार आलं की ते २२ वर यायचं, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये फक्त १०. ही दोन टोकं म्हणजे काही कल्याण आणि कर्जत नव्हे. चालत जायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. जिन्याच्या पायथ्याशी घर असलेल्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी जास्त मैत्री होती. कारण उघड आहे. वरचे लोक येता-जाता त्यांच्या दारावरून जात.

स्वभाव जुळला म्हणून मैत्री झाली, असं आपण नंतर सांगतो. आधी दार जुळलेलं असतं. चाळीत वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. आणि १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत झालेल्या अभ्यासात जे दिसलं, त्याचंही वाटणार नाही. रहिवाशांना न आवडणारी माणसंही बहुतेक जवळच राहणारी निघाली. नळावरची भांडणं शेजारणींचीच होतात, पलीकडच्या गल्लीतलीशी नाही.

पण रोज दिसणारा प्रत्येक चेहरा काही मित्र होत नाही. समोरच्या फलाटावर वर्षानुवर्षं उभा असलेला माणूस तिथेच राहतो. ओळखीपासून विश्वासापर्यंतची वाट कशी कापली जाते, याचं मी वाचलेलं सर्वांत सुरेख उत्तर वटवाघळांकडून आलंय. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत रक्त पिऊन जगणारी वटवाघळं आहेत. दोन-तीन रात्री शिकार मिळाली नाही की मरतात, म्हणून पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी साथीदाराच्या तोंडात रक्त ओकून त्याला जगवतं. देणाऱ्यासाठी हे महागडं दान आहे. जेराल्ड कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पनामात दोन लांबच्या ठिकाणांहून धरलेली, एकमेकांना कधीच न भेटलेली वटवाघळं एकत्र ठेवली आणि महिनोन्‌महिने पाहत राहिले. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अनोळखी वटवाघळं आधी एकमेकांचं अंग चाटून साफ करू लागली. त्यात फारसं काही खर्च होत नाही. हे हळूहळू वाढलं, दोन्ही बाजूंनी झालं, आणि मगच काही जोड्यांमध्ये रक्त देणं सुरू झालं. उधारीची सुरुवात छोट्या रकमेनं.

आमच्या डब्यातही हेच घडायचं. पहिल्या आठवड्यात, 'भाऊ, बॅग तेवढी रॅकवर ठेवता?' मग पेपरची आतली पानं. मग चौथी सीट. दोन-चार महिन्यांनी डबा उघडला जायचा आणि थालीपीठ फिरायचं. एका सहप्रवाशाच्या आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलं तेव्हा रक्त द्यायला तिघं उतरले ते याच डब्यातले. अक्षरशः रक्त! त्या वटवाघळांबद्दल वाचलं तेव्हा मला हाच दिवस आठवला.

याला वेळ किती लागतो? कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला आलेल्या प्रौढांची आणि नव्यानं दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची पाहणी करून २०१८ मध्ये त्याचा अंदाज मांडला. नुसत्या ओळखीचा माणूस बऱ्यापैकी मित्र व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणण्यासारखा व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. सरासरी आहे, घड्याळ लावून बसू नये. पण लोकलचा हिशेब घालून पाहा. सकाळचा एक तास, आठवड्याचे सहा दिवस. दोन महिन्यांत पन्नास तास होतात. तीन महिन्यांचा पास तिसऱ्यांदा संपायच्या आत दोनशे. हॉल यांना आणखी एक गोष्ट दिसली. एकत्र काम करण्यात गेलेल्या तासांनी जवळीक फारशी वाढत नाही. थट्टा, गप्पा, खेळ, नुसतं रेंगाळणं यांत गेलेले तास मोजले जातात. म्हणजे शेजारच्या टेबलावर दहा वर्षं बसलेला सहकारी सहकारीच राहतो, आणि डोंबिवलीला चढणारा कुठल्याशा कंपनीतला अकाउंटंट मित्र होतो. लोकलमध्ये करण्यासारखं दुसरं काही नसतं, हाच तिचा मोठा गुण. मोबाइलनं तो बराचसा घालवला, पण तो वेगळा विषय.

आता लोकलमधल्या भजनांकडे. मधल्या डब्यातून टाळ-मृदंगाचा आवाज ऐकून नाक मुरडणाऱ्यांत मीही होतो. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांचं म्हणणं वाचल्यावर जरा वरमलो. माकडं एकमेकांच्या उवा काढतात तेव्हा मेंदूत एंडॉर्फिन स्रवतं आणि त्या सुखातून नाती घट्ट होतात. पण उवा एका वेळी एकाच्याच काढता येतात, आणि माणसाचे गट मोठे. डनबार म्हणतात, माणसानं यावर हसणं, गाणं, नाचणं हे उपाय शोधले. त्यात एकदम अनेकांची 'साफसफाई' होते. त्यांच्या गटानं सात महिने चाललेले गाण्याचे वर्ग आणि हस्तकला, लेखन यांचे वर्ग यांची तुलना केली. शेवटी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांशी सारखीच जवळ आली होती, पण गाणारे सुरुवातीलाच जवळ आले. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. भजनी मंडळात नव्या माणसाला टाळ हातात मिळाला की तो तिसऱ्या दिवशी घरचा होतो, त्याचं रहस्य बहुधा हेच. बायकांच्या डब्यात भाजी निवडणं, हळदीकुंकू आणि डोहाळजेवणंसुद्धा होतात. दसऱ्याला डब्याला तोरण लागतं, पेढे वाटले जातात. पेढे खाताना जो तोंडानं 'गर्दी, गर्दी' म्हणत असतो, त्याला रविवारी घरी करमत नाही.

मग २०२० चा मार्च आला आणि लोकल थांबली. सर्वसामान्यांसाठी ती पुढच्या फेब्रुवारीत ठरावीक वेळांपुरती उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन डोस घेतलेल्यांना मिळाली. तोवर आमच्या ग्रुपमधले दोघं निवृत्त झाले होते, तिघांची कामं घरून सुरू झाली होती, एकाचं ऑफिस नवी मुंबईला गेलं होतं. माझीही वेळ बदलली. व्हॉट्सअॅपवरचा ग्रुप अजून आहे. त्यावर सकाळी सूर्योदयाचं चित्र येतं आणि वाढदिवसाला केक.

उट्रेख्ट विद्यापीठाच्या गेराल्ड मोलेनहोर्स्ट यांनी नेदरलँड्समध्ये लोकांना विचारलं, तुम्ही मनातलं कुणाशी बोलता, घरकामात मदत कोण करतं, कुणाकडे जाता-येता. सात वर्षांनी त्यांतल्या ६०४ जणांना पुन्हा गाठलं. मित्रांची संख्या जवळपास तेवढीच होती, पण निम्मी माणसं बदललेली. यात मला निराशेपेक्षा दिलासा जास्त वाटला. माझे नऊ जण गेले याला कुणाचा दोष नाही. गाडी बदलली.

इथे एक अवघड प्रश्न येतो. गाडी बदलल्यावर जी टिकत नाही ती मैत्री खरी होती का? मी म्हणेन, होती. रक्त द्यायला उतरले ते खोटे नव्हते. पण रोजची भेट आमच्यासाठी रेल्वे घडवून आणत होती, आणि ते काम आपल्या अंगावर आलंय हे आमच्यातल्या कुणालाच कळलं नाही. जे दोघं उरले त्यांतला एक दर दोन-तीन महिन्यांनी फोन करून 'शनिवारी ठाण्याला मिसळ' एवढंच सांगतो. त्याला आम्ही वेडा म्हणायचो. डनबार आणि सॅम रॉबर्ट्स यांनी शाळा सोडून कॉलेजला किंवा नोकरीला लागलेल्या ब्रिटिश मुलामुलींवर दीड वर्ष लक्ष ठेवलं होतं. नातेवाईक दुरावले नाहीत, मित्र भराभर दुरावले. मुलींच्या मैत्रीला बोलत राहण्यानं तग धरता आला. मुलांना नुसतं बोलून भागलं नाही. एकत्र काही केलं तर टिकली. पुरुषांच्या बाबतीत फोनपेक्षा मिसळ उपयोगी, असा मी त्याचा अर्थ लावतो.

शिवाय आपण ज्याला मित्र म्हणतो तो आपल्याला तसं म्हणतो का? एका वर्गातल्या ८४ विद्यार्थ्यांनी एकमेकांशी किती मैत्री आहे याला गुण दिले. आपली मैत्री दोन्ही बाजूंनी आहे असं त्यांना ९४ टक्के वेळा वाटत होतं. प्रत्यक्षात ती ५३ टक्केच निघाली. २०१६ चा हा अभ्यास वाचून मी माझी यादी मनातल्या मनात दोनदा तपासली.

भांडून तुटणाऱ्या मैत्र्या कमी, पण त्यांचीही कारणं शोधली गेली आहेत. ऑक्सफर्डचे मायकल अर्गाइल आणि मोनिका हेंडरसन यांनी १९८४ मध्ये ब्रिटन, इटली, हाँगकाँग आणि जपान इथल्या लोकांना मैत्रीचे अलिखित नियम विचारले. पाठीमागे मित्राची बाजू घेणं, गुपित राखणं, चारचौघांत त्याला न टोचणं, अडचणीत न बोलावता जाणं, हे सगळं अपेक्षित होतं. मला अडकवलं ते दुसऱ्याच एका नियमानं: यशाची बातमी मित्राला सांगावी. शेली गेबल यांनी पुढे, मुख्यतः जोडप्यांवर, केलेल्या अभ्यासांत याचा दुसरा भाग सापडला. चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा कसा प्रतिसाद देतो, याचा नात्याशी घट्ट संबंध असतो. संकटात धावून येणाऱ्याचे गोडवे आपण फार गातो. बढतीच्या पेढ्यावर मनापासून हसणारा त्याहून दुर्मीळ.

हे मी अनुभवानं सांगतोय, आणि चूक माझीच होती. ग्रुपमधल्या एकानं एका सकाळी डब्यात पाय ठेवताच सांगितलं, मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, 'फी किती?' तो हसला. फी सांगितली. भांडण वगैरे काही झालं नाही. पंधरा दिवसांनी तो पुढच्या डब्यात चढायला लागला, तिथून पुलाचा जिना जवळ पडतो म्हणाला. जिना खरंच जवळ पडत होता.

लारा अॅकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांचा २०२४ चा अभ्यास अशाच माणसांबद्दल आहे. दुरावलेला जुना मित्र असल्याचं दहातल्या नऊ जणांनी सांगितलं. मेसेज लिहायला वेळ दिला, तो वाचून त्याला बरंच वाटेल याची खात्रीही होती, तरी पाठवला एक-तृतीयांशापेक्षा कमी जणांनी. जुन्या मित्राशी बोलण्याची तयारी अनोळखी माणसाशी बोलण्याइतकी किंवा कचरा उचलण्याइतकीच निघाली! पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी त्याआधी दोन वर्षं दाखवलं होतं की अचानक विचारपूस झालेल्या माणसाला होणारा आनंद आपल्या अंदाजापेक्षा जास्त असतो. अॅकनिन आणि सँडस्ट्रॉम यांच्या अभ्यासात मात्र समजावून सांगूनही लोक हलले नाहीत. हलले ते एका साध्या युक्तीनं. आधी तीन मिनिटं रोजच्या मित्रांना मेसेज करायला लावलं, मग जुन्याला. असं केल्यावर निम्म्याहून जास्त जणांनी पाठवला.

मी हे करून पाहिलं. घरच्या ग्रुपवर दोन मेसेज टाकले, मिसळवाल्याला एक. मग त्याचं नाव शोधून लिहिलं, 'मुलगी डॉक्टर झाली असेल ना?' फीचा विषय काढला नाही.

रविवारी कुठल्या ना कुठल्या मार्गावर मेगाब्लॉक असणार. बाहेर पडू नका. तीन मिनिटं ओळखीच्यांशी बोला, आणि मग यादीत खाली त्या नावापर्यंत जा.